तोंडात थेंबही नको

पुण्याला गेले की एक प्रश्न ठरलेला. "म्हणजे तू नेमकं करतेस काय गं तिकडे?" माझ्या नणंदेनं तर एका लग्नात माझी ओळखच अशी करून दिली, "ही आमची वहिनी, जपानात हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये असते." मी हसून मान डोलावली. बेशुद्ध माणसांना जेवायला घालते, असं सांगितलं असतं तर समोरच्या बाईंच्या हातातली जिलबी तिथेच राहिली असती.

पण काम तेच होतं. कोबेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात मी आहारतज्ज्ञ होते. मागच्या मार्चमध्ये निवृत्त झाले. कोबेला आले ती नवऱ्याच्या नोकरीमागे, इथल्या बऱ्याच मराठी बायका येतात तशी. पुण्याहून आणलेली होम सायन्सची पदवी इथे कुणी विचारीना. कचरा कोणत्या वारी कोणत्या पिशवीत टाकायचा हे शिकण्यात पहिलं वर्ष गेलं, मग भाषा, मग पुन्हा कॉलेज, मग सरकारी परवान्याची परीक्षा, सगळं जपानीत. पहिल्या खेपेला सपशेल आपटले. दुसऱ्या खेपेला पास झाले तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "आता तरी झोपशील ना?" नाही झोपले. मी मूळचीच काळजीखोर, आणि नोकरी मिळाली ती नेमकी काळजीखोर माणसाला चोवीस तास पुरेल अशी.

अतिदक्षता विभागातला माणूस गिळू शकत नाही. त्याच्या नाकातून पोटात एक बारीक नळी घालतात आणि तिच्यातून दुधट रंगाचं पातळ अन्न थेंबाथेंबानं सोडतात. कोणतं अन्न, किती, कोणत्या वेगानं, हे ठरवण्यात माझा वाटा. ऐकायला सोपं वाटतं. नातेवाइकांना तर वाटतं, आजारी आहे ना, मग घाला की भरपूर. पण जो चार-पाच दिवस उपाशी आहे त्याच्या पोटात एकदम भरपूर घातलं तर हृदय गडबडू शकतं. आणि कमी घातलं तर शरीर स्वतःचेच स्नायू खायला बसतं, मग माणूस आजारातून उठतो पण खाटेवरून उठत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्यात साखर. मोठा आजार अंगावर आला की शरीर घाबरतं आणि साठवलेली साखर रक्तात ओतायला लागतं. ज्यांना जन्मात मधुमेह नव्हता त्यांचीही साखर अडीचशेवर जाते. मग जखमा भरत नाहीत, जंतूंचं फावतं. म्हणून शिरेतून इन्शुलिन चालू ठेवायचं आणि साखर साधारण एकशेचाळीस ते एकशेऐंशीच्या मध्ये राखायची. इन्शुलिन जास्त झालं तर साखर खाली येते, आणि खाली आलेली साखर वर गेलेल्या साखरेपेक्षा भयंकर. कारण मेंदू महिन्याचा किराणा भरून ठेवणाऱ्यांतला नाही. तो रोजचं रोज दुकानात जाणारा. दुकान बंद झालं की तो तासाभरातही कायमचा दुखावू शकतो.

तुमच्या-माझ्यासारख्या जागत्या माणसाची साखर उतरली तर घाम फुटतो, हात थरथरतात, "मला कसंतरी होतंय" असं आपण म्हणतो. औषध देऊन झोपवलेला माणूस काहीच म्हणत नाही. शांत झोपलेला दिसतो. मला त्या शांत चेहऱ्यांची कायम धास्ती वाटायची. घरी येताना कोंबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, दूध घ्यायला थांबले तरी डोक्यात तेच, खाट क्रमांक तीनचं अन्न बंद ठेवलं होतं तपासणीसाठी, इन्शुलिन कमी केलं असेल ना कुणी? दोनदा तर दूध काउंटरवर ठेवून मी हॉस्पिटलला फोन केला होता. नर्स हसून म्हणायची, "मेधा-सान, केलंय कमी. घरी जा."

गंमतीही व्हायच्या. बोटीवर जन्मभर आचारी राहिलेले एक म्हातारे जागे झाले आणि त्यांनी पहिलं विचारलं, मला इतके दिवस काय खायला घातलंत? मी बाटली दाखवली. म्हणाले, चव घेऊन बघणार. परवानगी मिळाल्यावर चमचाभर दिलं. बराच वेळ जिभेवर घोळवून म्हणाले, "पोरी, हे तू स्वतः कधी खाल्लंयस?" नव्हतं खाल्लं. त्या दिवशी खाल्लं. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्याचा अर्थ कळला.

पण मला लिहायचंय ते पाटणकर काकांबद्दल.

काका सांगलीचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले, धिप्पाड, थोडी साखर असलेले. त्यांचा मुलगा निखिल इथे सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्याकडे काका-काकू तीन महिन्यांसाठी आले होते. थंडी बाधली, खोकला झाला, घरातला काढा झाला, आणि खोकल्याचा न्यूमोनिया होऊन काका आमच्याकडे आले तेव्हा ओठ निळे पडले होते. श्वासाचं यंत्र लावलं, झोपेची औषधं चालू केली. आमच्या विभागात मराठी येणारी मी एकटी, तेव्हा अन्नाबरोबर भाषांतरही माझ्याकडे आलं.

सुमनकाकू पहिल्या दिवशी माझ्यासमोर बसल्या तेव्हा त्यांनी आजाराचं काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "जेवले का हो हे?"

मी नळीचं समजावून सांगितलं. त्यांनी नळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चव कशी कळणार मग?"

"आत्ता चवीचं नाही काकू, पोटात जाणं महत्त्वाचं. आणि एक लक्षात ठेवा, तुम्ही तोंडात काही घालायचं नाही. श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेतेल. पाणीसुद्धा नाही. तोंडात थेंबही नको."

"थेंबही नाही," त्या म्हणाल्या. शाळेतल्या मुलीनं कबूल करावं तसं दोनदा म्हणाल्या.

काकू रोज दुपारी भेटीच्या वेळेला बसनं एकट्या यायच्या. कोणत्या थांब्यावर उतरायचं हे निखिलनं एकदाच दाखवलं होतं, तेवढ्यावर. जपानी एक अक्षर येत नाही, पण दारात नर्सला वाकून नमस्कार करायच्या आणि पडद्याआड काकांशेजारी बसायच्या. आमची मोरिता-सान ही नर्स काकांना टोचण्याआधी दर वेळी त्यांच्या कानाशी सांगायची, "पाटणकर-सान, चिकुत्तो शिमासु ने." म्हणजे जरा टोचेल हं. बेशुद्ध माणसाला. काकूंना त्याचं फार अप्रूप. "ऐकू येत असेल का हो यांना? पण सांगते बाई पोरगी, न चुकता."

पहिले काही दिवस काकांची साखर बरी राहिली. मनगटातल्या धमनीत बारीक नळी होती, तिच्यातून रक्त घेऊन मोजत होतो. ती नळी फार दिवस ठेवता येत नाही. ती काढली आणि बोटाला टोचून मोजायला सुरुवात झाली. डावा हात सलाइननं सुजलेला, म्हणून उजव्या हाताचं बोट.

आणि दुपारची साखर चढायला लागली.

सकाळी एकशेपन्नास असलेली दुपारी अडीचशे. इन्शुलिन वाढवायचं. तासानं पुन्हा बघावं तर जेमतेम उतरलेली. अजून वाढवायचं. आणि संध्याकाळी नर्सेस गरम टॉवेलनं अंग पुसून घेतात, त्यानंतर मोजावं तर धाडकन खाली, नव्वद, ऐंशी. इन्शुलिन थांबवायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

ओकादा-सेन्सेई आमचे मुख्य डॉक्टर, अबोल माणूस. त्यांनी सकाळच्या फेरीत मला विचारलं, "अन्नात काही बदल?" बदल नव्हता, पण विचारल्यावर वाटायला लागलं की असेल. मी कमी साखरेचं अन्न सुरू केलं. वेग कमी केला. दुपारी साखर चढलीच. मग मला वाटलं, वेग कमी करून मीच त्यांना उपाशी मारतेय. परत वाढवला. आमच्या टोळीतल्या कुणीही मला दोष दिला नाही, आणि त्यानं माझी झोप आणखीच उडाली. ट्रेनमध्ये उभी राहून मी मनातल्या मनात आकडेमोड करायची आणि माझं स्टेशन मागे पडायचं.

एका दुपारी ओकादा-सेन्सेईंनी किडनीच्या तपासणीसाठी काकांचं रक्त थेट शिरेतून घेऊन प्रयोगशाळेत पाठवलं. त्याच सुमारास मोरिता-साननं बोटाला टोचून साखर बघितली होती, दोनशेचाळीस, आणि इन्शुलिन तिसऱ्यांदा वाढवलं होतं. प्रयोगशाळेतून फोन आला. अहवाल नाही, फोन. साखर चौतीस.

चौतीस म्हणजे काय ते वाचणाऱ्यांपैकी मधुमेह्यांना कळेल. मोरिता-सान धावली, इन्शुलिन बंद झालं, ग्लुकोज शिरेत गेलं. पुन्हा शिरेतून रक्त घेऊन बघितलं, वर येत होती. मी भिंतीला टेकून उभी होते. समोर काका शांत झोपले होते, अगदी शांत. किती वेळ ते तसे होते? तास? दोन तास? आधीच्या दिवशीही असेच होते का? कुणाला सांगता येत नव्हतं.

साखर मोजायचं मशीन तपासलं. मशीन धडधाकट होतं.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला मी काकूंना शोधत गेले. आदल्या दिवशी त्या गेल्यावर हे सगळं घडलेलं, रात्री डॉक्टरांनी फोनवर निखिलला थोडक्यात कल्पना दिली होती, पण काकूंना काय माहीत होतं कोण जाणे. पडदा ओढलेला होता. मी बाजूनं आत शिरले.

काकूंच्या हातात एक इवलीशी बाटली होती. इथे तयार डब्यांसोबत सोया सॉसची येते ना, माशाच्या आकाराची, लाल टोपणाची, ती. काकूंनी काकांचा उजवा हात आपल्या हातात घेतला. तळव्याची ओंजळ केली. तीत चार थेंब सोडले, मग काकांची बोटं एकेक करून त्यावर मिटली, मुठीवर आपला हात ठेवून डोळे बंद केले. आणि शेवटी तो मिटलेला हात उचलून काकांच्या कपाळावरून डोक्याकडे फिरवला, आपण तीर्थ घेतल्यावर फिरवतो तसा.

मधाचा वास आला. मला एकदम सगळं कळलं आणि कळूच नये असं वाटलं.

"काकू, काय आहे त्यात?"

"तीर्थ." त्या अजिबात दचकल्या नाहीत. "सोबत बाळकृष्ण आणलाय ना मी. याच्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं, आंघोळ झाली की पंचामृताचं तीर्थ घेतल्याशिवाय चहासुद्धा नाही. रोज सकाळी करून आणते." मग माझा चेहरा बघून घाईनं म्हणाल्या, "तोंडात नाही हं घातलं. देवाशपथ. तुम्ही सांगितलं होतंत ना, थेंबही नको. ओठालासुद्धा लावलं नाही कधी. नुसतं हातावर."

तोंडात थेंबही नको, हे मीच सांगितलं होतं. त्यांनी शब्दन् शब्द पाळला होता.

मी ओकादा-सेन्सेईंना आणि मोरिता-सानला बोलावलं. सेन्सेईंनी काकांचं एक बोट साबण-पाण्यानं धुवायला सांगितलं, दुसरं नुसतं नेहमीसारखं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायला. दोन्हींना टोचलं. धुतलेल्या बोटाची साखर एकशेसाठ. पुसलेल्या बोटाची दोनशेनव्वद. मधात सुटी ग्लुकोज असते. ती बोटाच्या रेषांत बसते, स्पिरिटनं नीट जात नाही, आणि रक्ताच्या थेंबात मिसळली की मशीनला ती रक्तातलीच वाटते. नुसत्या साखरेच्या पाण्यानं हे झालं नसतं, मधानं घात केला. दुपारी चढणारी साखर काकांच्या रक्तात नव्हतीच. ती बोटावर होती. आणि संध्याकाळी अंग पुसलं की बोटाबरोबर तीही पुसली जायची.

मोरिता-सान पांढरीफटक पडली. हात पाण्यानं धुऊन मगच टोचायचं, हा नियम होता. गडबडीच्या वॉर्डात सगळेच बोळ्यावर भागवत होते. पण ती तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "मी धुवायला हवं होतं."

इथे अशी चूक झाली की लपवत नाहीत. निखिलला ऑफिसातून बोलावून घेतलं. एका छोट्या खोलीत ओकादा-सेन्सेई आणि मोरिता-सान काकूंसमोर उभे राहिले, काय झालं ते सांगितलं, आणि दोघंही कंबरेत वाकले. वाकलेलेच राहिले.

काकूंनी निखिलकडे बघितलं. "काय म्हणतायत?"

"काही नाही गं आई. सगळं कंट्रोलमध्ये आहे म्हणतायत."

"मग एवढं वाकलेत कशाला?"

"जपानी लोक वाकतातच ना." मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "मेधाताई, प्लीज, तिला नका सांगू. ती कोसळेल. बाबांचं जे व्हायचं ते होईल, पण आयुष्यभर ती स्वतःला..."

तो चूक नव्हता. मलाही तेच वाटत होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंनी माझा हात धरला. "मेधाताई, मी अडाणी असेन, आंधळी नाही. काल ती पोरगी माझ्याशी हसत होती, आज रडून आलीय. माझ्या तीर्थाचं काही झालंय का?"

मी सांगितलं. मध, बोट, मशीन, जास्त गेलेलं औषध, खाली गेलेली साखर. मेंदूला किती धक्का बसलाय ते जागे होईपर्यंत कुणालाच सांगता येणार नाही, हेही सांगितलं. आणि पुन्हा पुन्हा सांगितलं की बोट धुणं आमचं काम होतं, तुमचं नाही.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. पर्समधून ती माशाची बाटली काढली, निखिलच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घरी गेलास की ओतून दे." तीर्थ कुठे ओततात हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं ती खिशात टाकली.

दुसऱ्या दिवसापासून काकू आल्या, बसल्या, पण त्यांनी काकांना हात लावला नाही. खुर्ची खाटेपासून लांब सरकवून घेतली. दोन्ही हात शालीच्या आत. मी म्हटलं, "काकू, हात धरा ना त्यांचा. धुतलेत ना तुम्ही हात."

"नको. माझे हात नकोत."

"उबेनं बरं वाटतं त्यांना."

"मेधाताई," त्या म्हणाल्या, "तुम्हाला खरं सांगायला लावलं मी, तर आता खोटं बोलू नका."

निखिलनं सांगितलं, आईनं बाळकृष्णाला आंघोळ घालणंही थांबवलंय. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. आणि तो बघत नव्हता म्हणून मी त्याला दोष देऊ शकत नव्हते. मी रोज स्वतःला विचारायचे, काय गरज होती बाई तुला? एक वाक्य गिळलं असतं तर काय बिघडलं असतं? जगाला अन्न गिळवायला निघालीस आणि तुझ्या तोंडात एक गोष्ट राहत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "तिनं विचारलं, तू सांगितलंस." पुरुषांना हे असं दोन वाक्यांत मिटवता येतं.

काकांची फुप्फुसं सुधारली. झोपेचं औषध बंद केलं. साधारण दिवसभरात माणूस जागा व्हायला हवा. काका झाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मग डोळे उघडले, पण ते डोळे छतावर. हाक मारली तर वळायचे नाहीत. ओकादा-सेन्सेई रोज येऊन बॅटरीनं बाहुल्या बघायचे, हाताला चिमटा काढायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे. श्वासाची नळी निघाली, तरी आवाज नाही. निखिलनं मोबाइलवर नातीचा आवाज ऐकवला. नात जपानीतच बोलत होती. काकांच्या पापण्या हलल्या, की मला तसं वाटलं?

औषधाचा अंमल उतरायला कुणाकुणाला वेळ लागतो, असं सेन्सेई म्हणाले. मी ते भाषांतर करून सांगितलं. काकू म्हणाल्या, "आणि नाही उतरला तर?" ते मी सेन्सेईंना विचारलं नाही.

अन्न चालू होतं, साखर आता गुण्यागोविंदानं एकशेपन्नासच्या आसपास होती. माझं काम एकदम नीट चाललं होतं. असलं नीट काम मी जन्मात कधी नकोसं मानलं नव्हतं.

मग काकांची नजर फिरायला लागली. दाराकडे, खिडकीकडे. काकूंवर यायची आणि पुढे जायची, खुर्चीवरून जावी तशी. काकूंनी ते बघितलं होतं. त्यांनी शाल घट्ट ओढून घेतली.

गिळता येतं का ते बघायचा दिवस आला. साधं पाणी अशा वेळी धोक्याचं, ते भसकन श्वासनलिकेत जातं. म्हणून पाण्याचीच मऊ जेली करतात. ती मी आणली होती. सेन्सेई उभे होते, निखिल पायाशी, काकू आपल्या खुर्चीत. मोरिता-साननं खाटेची पाठ उंच केली आणि जेलीचा छोटा चमचा काकांच्या तोंडासमोर धरला. "पाटणकर-सान, आ करा."

काकांनी तोंड उघडलं नाही. चमच्याकडे बघत राहिले.

मी मराठीतून सांगितलं. "काका, तोंड उघडा बघू."

नाही. सेन्सेईंनी एक क्षण डोळे मिटले. मला माहीत होतं ते काय विचार करताहेत. चमचा कशासाठी असतो तेही विसरलेली माणसं आम्ही दोघांनीही पाहिली होती.

आणि पांघरूण हललं. काकांचा उजवा हात बाहेर आला. थरथरत होता, मध्येच खाली पडला, पुन्हा वर आला. चमच्याखाली येऊन थांबला. तळवा वर, चारही बोटं जवळ, मध्ये खोलगट.

मोरिता-सानला वाटलं त्यांना चमचा स्वतः धरायचाय. ती तो त्यांच्या बोटांत द्यायला गेली. बोटं मिटली नाहीत. हात तसाच.

काकू उठून उभ्या राहिल्या.

"अहो, ते तीर्थ मागतायत," त्या म्हणाल्या. "पळी समजलेत ती. ओळखलंय त्यांनी. निखिल, बाबांनी ओळखलंय बघ."

मी कसंबसं सेन्सेईंना सांगितलं. त्या अबोल माणसानं आधी काकांच्या हाताकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि विचारलं, "हातावरून घेऊ शकतील? मग तसंच द्या. हात धुऊन."

मोरिता-साननं चमचा ठेवून गरम टॉवेल घेतला. तिनं तो पुढे केला, काकांकडे नाही, काकूंकडे. काकू जागच्या हलल्या नाहीत. मी म्हटलं, "काकू, सवय आहे त्यांना. तुमच्याच हातची."

शालीतून हात बाहेर आले. त्यांनी काकांचा तळवा पुसला, अंगठा पुसला, प्रत्येक बोट, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. मोरिता-साननं जेलीचा तुकडा तळव्यावर ठेवला. काकूंनी काकांच्या कोपराखाली आपला हात धरला आणि काकांनी तळवा तोंडाशी नेला. सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गळा वर गेला, खाली आला. खोकला नाही. मग तो हात सावकाश वर गेला, ऑक्सिजनच्या नळीला अडखळला, आणि डोक्यावरून मागे फिरला.

साखर बघायची वेळ झालीच होती. मोरिता-साननं मशीन काढलं, साबण-पाणी आणलं आणि बोट धुवायला वाकली. काकूंनी तिला थांबवलं. टॉवेल पुन्हा पाण्यात बुडवून घट्ट पिळला. काकांच्या हाताला उरलेली जेली पुसली, मग साबण लावून एक बोट धुतलं, कोरडं केलं, उजेडाकडे धरून बघितलं. मग ते बोट दोन्ही हातांत धरून मोरिता-सानसमोर केलं.

"दोझो, घ्या," काकू म्हणाल्या. आणि काकांच्या कानाशी वाकून, "अहो, जरा चिकुत्तो होईल हं."

सुई लागली. काकांनी हात मागे खेचला, कपाळाला आठ्या घातल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज आला. घोगरा, फाटका, सांगलीचा.

"दुखतंय की गं."

काकूंनी तो हात सोडला नाही. "दुखू दे," त्या म्हणाल्या. "दुखू दे हो तुम्हाला."